युक्रेनचे ‘फिनलंडीकरण’: एका मथळ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२२ चा दुसरा आठवडा. पुण्यातल्या एका मराठी मासिकाचा मार्चचा अंक छापायला जायला दहा-बारा दिवस उरले होते. मासिकाचे नाव देत नाही. त्यातली माणसेही इथे ‘संपादक’, ‘अनुवादिका’ आणि ‘काका’ एवढीच राहतील. काका म्हणजे मुद्रितशोधक, संस्कृतचे निवृत्त शिक्षक. कार्यालयात सगळेच त्यांना काका म्हणतात, त्यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान असलेले संपादकसुद्धा. मी त्या काळात भाषेचा सल्लागार म्हणून आठवड्यातून दोन दिवस तिथे जात असे, त्यामुळे पुढे जे बिघडले त्यात माझाही वाटा आहे.

त्या आठवड्यात बातमी अशी होती. फ्रान्सचे अध्यक्ष एमान्युएल माक्रों ७ फेब्रुवारीला पुतिन यांना भेटायला मॉस्कोला गेले. जाताना विमानातल्या पत्रकारांशी बोलताना त्यांनी युक्रेनच्या ‘फिनलंडायझेशन’चा, म्हणजे बलाढ्य शेजाऱ्याला न दुखावता स्वतंत्र राहण्याचा, पर्यायही विचारात असल्याचे म्हटले, असे छापून आले. दुसऱ्या दिवशी किव्हमध्ये त्यांनी हात झटकले: असा शब्द मी वापरलाच नाही. एका राष्ट्राध्यक्षाला एका दिवसात एक शब्द गिळावा लागतो, म्हणजे त्या शब्दात काहीतरी आहे, असे संपादकांना वाटले आणि त्यांनी अनुवादिकेला आठ पानांचा लेख करायला सांगितले. ती राज्यशास्त्र शिकलेली, इंग्रजी आणि जर्मन दोन्हींतून वाचणारी. लेख तिने पाच दिवसांत दिला आणि चांगला दिला. अडले ते एका शब्दापाशी.

लेखातला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो कळल्याशिवाय अडचण कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत संघाशी दोनदा लढला आणि दोन्ही वेळा मुलूख गमावून बसला. पण त्याचा कब्जा कुणाला घेता आला नाही. युद्धानंतर तीस कोटी डॉलरची भरपाई त्याने मालाच्या रूपाने १९५२ पर्यंत फेडली. ६ एप्रिल १९४८ रोजी मॉस्कोशी मैत्रीचा तह केला. त्यानंतर त्याने एक वाट धरली: निवडणुका आपल्या, बाजार आपला, न्यायालये आपली, पण परराष्ट्र धोरणात पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या कपाळावर आठी पडेल असे काही करायचे नाही. उर्हो केक्कोनेन १९५६ ते १९८२ असे पाव शतक अध्यक्ष राहिले ते याच वाटेवरून.

ही वाट किती अरुंद होती ते १९६१ मध्ये दिसले. केक्कोनेन अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि हवाईत विश्रांती घेत होते. तिथे त्यांना मॉस्कोचा खलिता कळला: जर्मनीकडून धोका आहे, तेव्हा तहाप्रमाणे लष्करी सल्लामसलत करू या. केक्कोनेन पुढे नोव्होसिबिर्स्कला जाऊन सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना भेटले आणि प्रकरण मिटले. मिटण्याच्या सुमारास केक्कोनेन यांच्याविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या ओलावी होंका यांनी देशहिताचे कारण देऊन माघार घेतली. कुणीही बंदूक काढली नाही. एक पत्र आले आणि एक उमेदवार गेला. रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्या सोव्हिएत छळछावण्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९७४ मध्ये फिनिश भाषेत निघाला, पण छापला गेला स्वीडनमध्ये. फिनलंडमध्ये त्यावर बंदी नव्हती. प्रकाशकाने स्वतःहूनच नको म्हटले होते.

एवढे सगळे ज्या शब्दात कोंबले गेले तो शब्द मात्र फिनलंडमध्ये जन्मला नाही. तो पश्चिम जर्मनीत साठच्या दशकात पुढे आला. त्याचे श्रेय बहुधा राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड लोवेन्थाल यांना दिले जाते. त्याला धार दिली ती तिथले पुराणमतवादी नेते फ्रान्झ योझेफ श्ट्राउस आणि त्यांच्या बाजूच्या राजकारण्यांनी. पश्चिम जर्मनीचे नेते विली ब्रांट पूर्वेकडे दोस्तीचा हात पुढे करत होते, तेव्हा विरोधक म्हणत, अशाने आपलेही फिनलंडसारखे होईल. म्हणजे भांडण जर्मनांचे आपसातले आणि नाव खराब झाले फिनलंडचे.

प्रश्न नेमका काय होता

अनुवादिकेने पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘फिनलंडायझेशन’ असेच ठेवले होते. काकांनी ते प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने खोडून ‘फिनलंडीकरण’ केले. मग दोघांचे जुंपले, आणि ते ऐकताना कळले की भांडण इंग्रजी-मराठीचे नव्हतेच.

काकांचे म्हणणे व्याकरणाचे होते. संस्कृतात जे तसे नव्हते ते तसे करणे दाखवायला ‘च्वि’ प्रत्यय लागतो आणि शब्दाच्या शेवटच्या अ-काराचा ई होतो: सरल, सरलीकरण, शुद्ध, शुद्धीकरण. राष्ट्रीय, राष्ट्रीयीकरण. (१९६९ साली चौदा बँका सरकारजमा झाल्या तेव्हापासून लोक ‘राष्ट्रीयकरण’ असे एक ई गिळून लिहीत आले आहेत आणि काका तेव्हापासून ते दुरुस्त करत आले आहेत.) मग फिनलंड, फिनलंडीकरण. यात वाद कसला?

अनुवादिकेचे म्हणणे असे: “काका, ‘करण’ म्हटलं की कुणीतरी करणारा आला. शुद्धीकरणात पाणी शुद्ध होतं, सरलीकरणात नियम सरळ होतो. मग फिनलंडीकरणात युक्रेनचा फिनलंड होणार, तो करणार कोण, फिनलंड? त्या बिचाऱ्यांनी काय केलंय?”

संपादकांनी फळा पुढे ओढला. कार्यालयात एक जुना हिरवा फळा आहे, एरवी त्यावर जाहिरातींची येणी लिहिलेली असतात. येणी पुसून त्यांनी दोन रकाने आखले, ‘करतो कोण’ आणि ‘नाव कुणाचं’, आणि आम्ही असे शब्द मांडत गेलो.

रशियनीकरण. झारच्या काळात फिनलंड रशियन साम्राज्यात होता. १८९९ च्या फेब्रुवारीत झारने जाहीरनामा काढून फिनलंडची स्वायत्तता आवळली. गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह यांनी रशियन भाषा कारभारात घुसवली, पाच लाखांहून अधिक फिनिश लोकांनी सह्या करून अर्ज केला, झारने तो घेतला नाही आणि १९०४ मध्ये बोब्रिकोव्ह यांचा खून झाला. इथे करणारा रशिया आणि नावही रशियाचेच. हिशेब सरळ.

अमेरिकीकरण. आधी त्याचा अर्थ घरातला होता: येणाऱ्या स्थलांतरितांना अमेरिकन करणे. फोर्डच्या इंग्रजी शाळेत पदवीदान समारंभाला रंगमंचावर मोठी कढई असे. एका बाजूने आपापल्या देशाचे कपडे घातलेले कामगार तिच्यात उतरत आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकी पोशाखात बाहेर पडत. पुढे शब्द देशाबाहेर पडला आणि त्याचा रोख जगभरच्या खाण्यापिण्याकडे आणि करमणुकीकडे वळला. आता करणारा कधी अमेरिका असते, कधी हौसेने तसे होऊ पाहणारे आपणच. तरी नाव धन्याचेच.

व्हिएतनामीकरण. १९६९ मध्ये निक्सन सरकारने काढलेला शब्द. अर्थ असा की अमेरिकी सैनिक टप्प्याटप्प्याने माघारी येतील आणि लढाई दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर सोपवली जाईल. करणारी अमेरिका, नाव व्हिएतनामचे. व्हिएतनामातल्या युद्धाचे व्हिएतनामीकरण! संपादक म्हणाले, “आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं आणि वर त्याचंच नाव लावलं.”

भारतीयीकरण. याने फळ्यावरची बरीच जागा खाल्ली. इंग्रजांच्या अमदानीत त्याचा अर्थ सनदी नोकऱ्यांत आणि सैन्याच्या अधिकारवर्गात गोऱ्यांच्या जागी हिंदी माणसे घेणे. १९२३ ची आठ पलटणींची योजना त्यातलीच. आग्नेय आशियाच्या इतिहासात त्याच शब्दाचा अर्थ जावा, कंबोडिया, चंपा या प्रदेशांत संस्कृत, देवळे आणि राजेपणाची कल्पना पोचणे. आणि १९६९-७० च्या सुमारास जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी तो अल्पसंख्याकांच्या संदर्भात वापरला तेव्हा देशात वादळ उठले. तिन्ही वेळा नाव भारताचे. करणारा मात्र एकदा गोरे सरकार, एकदा व्यापारी, पुरोहित आणि तिथलेच राजे, एकदा बहुसंख्याकांचे राजकारण.

मग बाल्कनीकरण. हा शब्द आमच्याकडे नवा नाही, उलट फार जुना आहे. ‘बाल्कन’ हा आग्नेय युरोपातला प्रदेश, नाव तुर्की, अर्थ डोंगररांग. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी बाल्कनीकरणाचा अर्थ ‘एकमेकांवर डूख धरणाऱ्या छोट्या तुकड्यांत फुटणे’ असा झाला. १९४७ च्या मेमध्ये सिमल्याला नेहरूंनी माउंटबॅटनचा सत्तांतराचा पहिला आराखडा धुडकावला तो याच भीतीने. आणि भाषावार प्रांतरचनेच्या वादात हाच शब्द आपल्यावर फेकला गेला. १९४८ च्या दार आयोगाने भाषेवर प्रांत करू नका असे सांगितले. त्यानंतर आंध्र झाला १ ऑक्टोबर १९५३ ला, महाराष्ट्र १ मे १९६० ला, आणि मधली सारी वर्षे ‘देशाचे बाल्कनीकरण होईल’ हा आरोप ऐकावा लागला. काकांनी तो लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला होता. “फाझल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या वेळी आमच्या घरात हा शब्द शिवी होता,” ते म्हणाले. “मला वाटे बाल्कन कुणीतरी माणूस आहे.”

इथपर्यंत आलो आणि डीटीपी करणारा मुलगा, इतका वेळ पाठमोरा काम करत होता तो, वळून म्हणाला, “सर, मला वाटलं बाल्कनीकरण म्हणजे बाल्कनी बंद करून खोलीत घेणं. आमच्या सोसायटीत त्यावरून नोटीस आलीय.”

सगळे हसले, पण मुद्दा खोटा नव्हता. ‘बाल्कन’ला च्वि लावा किंवा ‘बाल्कनी’ला लावा, हाती शब्द एकच येतो. व्याकरण त्यांत फरक करत नाही.

फळ्यावर शेवटचा शब्द राहिला फिनलंडीकरण. ‘करतो कोण’ या रकान्यात संपादकांनी सोव्हिएत संघ लिहिले. अनुवादिकेने उठून ते पुसले आणि प्रश्नचिन्ह काढले. तिचे म्हणणे की दबाव सोव्हिएत संघाचा होता, पण होंका मागे सरले ते स्वतः, आणि पुस्तक छापायला नाही म्हटले ते प्रकाशकाने. शेजाऱ्याने सांगायच्या आधीच ओळखून वागणे हाच तर सगळा प्रकार. मग कर्ता कोण लिहायचा? त्या प्रश्नचिन्हाशी आम्ही त्या दिवशी थांबलो. माझ्या मते तिथेच आणखी थोडे बसायला हवे होते.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी चार पर्याय टेबलावर आले.

पहिला, ‘फिनलंडायझेशन’ देवनागरीत तसेच ठेवायचे. फायदा असा की वाचकाला परका शब्द परकाच दिसतो आणि तो अर्थ शोधायला पुढे वाचतो. तोटा म्हणजे दिसायला वाईट, आणि काका.

दुसरा, काकांचे ‘फिनलंडीकरण’.

तिसरा, देशाचे नाव टाकून अर्थ मराठीत आणायचा. इथे मजा आली. संपादकांनी ‘मांडलिकत्व’ सुचवले. अनुवादिकेने ते उडवले: मांडलिक खंडणी देतो. फिनलंडने युद्धाची भरपाई दिली, पण ती हरलेल्याने द्यायची भरपाई होती आणि १९५२ ला संपली. मग ‘तैनाती फौज’ची तुलना निघाली. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहात इंग्रजांची फौज आपल्या खर्चाने पोसायचे कबूल केले, तसले काही? तेही बसेना. हेलसिंकीजवळच्या पोर्ककालाचा नाविक तळ सोव्हिएत संघाकडे होता खरा, पण १९५६ च्या जानेवारीत तो परत मिळाला आणि नंतर फिनलंडच्या भूमीवर परकी फौज नव्हती. मी ‘मिंधेपण’ सुचवले. अजूनही मला तो शब्द आवडतो. मिंधा माणूस कुणाचा नोकर नसतो, पण त्याच्यासमोर मान वर करत नाही. ‘मिंधी तटस्थता’. अनुवादिका म्हणाली, “चपखल आहे, पण हा श्ट्राउसचा शब्द झाला. फिनलंडच्या माणसाला विचारलंत तर तो म्हणेल, आम्ही मिंधे नव्हतो, शहाणे होतो.” तिचे बरोबर होते. शेजारच्या एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनियाला सोव्हिएत संघाने गिळले ते बघत बसलेल्या देशाला मिंधा म्हणायला दुरून सोपे जाते. फिनिश व्यंगचित्रकार कारी सुओमालाइनेन यांच्या नावावर एक व्याख्या सांगतात: पश्चिमेकडे पार्श्वभाग न दाखवता पूर्वेकडे कमरेतून वाकण्याची कला. मिंधेपणाची लाज आणि कसरतीचा अभिमान दोन्ही त्यात आहेत. आमच्या एका शब्दात ते मावेना.

चौथा पर्याय, शब्द न करता वाक्य करायचे. ‘युक्रेनने फिनलंडची वाट धरावी का?’ संपादकांना ते लांब वाटले. मथळा दोन स्तंभांत बसायचा होता.

निर्णय आणि छपाई

१८ तारखेला ठरले. लेखात ‘फिनलंडीकरण’ वापरायचे, पहिल्यांदा येते तिथे तीन ओळींचा खुलासा द्यायचा, आणि शब्दाच्या जन्माची गोष्ट एका चौकटीत, बाल्कनीकरणाच्या आरोपाची दुसऱ्या चौकटीत टाकायची. त्या दुसऱ्या चौकटीतल्या ‘बाल्कनीकरण’ला हात लावायचा नाही, तो रूढ आहे.

मथळा झाला: ‘युक्रेनचे फिनलंडीकरण होणार?’

या निर्णयात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या आणि तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आले नाही. लेखाच्या आत शब्दाला खुलाशाचा टेकू होता. मथळ्यात तो उघडा उभा होता. आम्ही आतला शब्द तपासला आणि मथळा त्यातूनच उचलला. अनुवादिकेने एकदा विचारले होते, “मथळ्यात चालेल ना सर?” संपादक म्हणाले, “चालेल, उत्सुकता वाढेल.” मीही मान डोलावली.

२२ तारखेला पाने छापखान्यात गेली. २४ ला पहाटे रशियाने युक्रेनवर चढाई केली. संपादकांनी छापखान्याला फोन केला तेव्हा फॉर्म छापून झाले होते, बांधणी चालू होती. एक सुटी चिठ्ठी छापून अंकात घालावी असा विचार झाला. वर्गणीदारांचे अंक टपालाने जातात, चिठ्ठ्या सरकवायला माणसे नव्हती. तसाच गेला अंक.

परिणाम

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सात-आठ पत्रे आली. संपादकांना भीती होती की युद्ध सुरू झालेले असताना तटस्थतेची चर्चा कसली, म्हणून लोक झोडपतील. त्याबद्दल एकच पत्र आले. बाकीची भलतीच.

एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र माझ्याकडे अजून आहे. आखीव कागद, निळी शाई, दोन पाने. ते लिहितात की मथळा वाचून फार बरे वाटले, फिनलंडची शिक्षणपद्धती जगात अव्वल आहे, युक्रेनचे फिनलंडीकरण झाले तर तिथल्या मुलांचे भलेच होईल, आणि युद्ध थांबल्यावर आपल्या महाराष्ट्राचेही फिनलंडीकरण करण्यावर एक लेख यावा. शेवटी ‘लेख सवडीने वाचणार आहे’. दुसऱ्या एका वाचकाने आनंदी देशांच्या यादीतला पहिला नंबर काढला होता. २०१८ पासून तो दरवर्षी फिनलंडचाच येत होता आणि दर मार्चमध्ये त्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत असते.

आम्ही चौघेही फिनलंडचे शीतयुद्ध उकरत बसलो होतो आणि मराठी वाचकाच्या डोक्यातला फिनलंड कोणता आहे हे कुणी विचारलेच नव्हते. इंग्रजी किंवा जर्मन वाचणाऱ्या जुन्या माणसाला त्या शब्दात केक्कोनेन दिसतात. आपल्याकडे ते शीतयुद्ध तसे घरात आलेच नाही. आपल्याला फिनलंड दिसतो तो गृहपाठ नसलेल्या शाळेत. शिवाय ‘करण’ हा प्रत्यय आपल्याकडे सरकारी योजनांनी गुळगुळीत केलेला: विद्युतीकरण, सक्षमीकरण, सुशोभीकरण. ‘करण’ म्हटले की काहीतरी चांगले होणार आणि पाटी लागणार. मुख्याध्यापकांनी शब्द चुकीचा वाचला असे मी म्हणणार नाही. मराठीच्या नियमाने त्यांनी तो अचूक वाचला होता.

आठवे पत्र ईमेलने आले, हेलसिंकीजवळ राहणाऱ्या एका मराठी वाचकाचे. तो तिकडे संगणक क्षेत्रात आहे, आईच्या वर्गणीचा अंक तिने फोटो काढून पाठवला म्हणून त्याने वाचला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, तिथले वयस्क सहकारी हा शब्द ऐकला की गप्प होतात, म्हणून जेवणाच्या टेबलावर तो त्याने एकदाच काढला होता. दुसरी गोष्ट आमच्या कामाची होती. फिनिश भाषेत यासाठी ‘सुओमेत्तुमिनेन’ असा शब्द आहे आणि तो ‘होणे’ या जातीचा आहे. रशियनीकरणाला ‘वेनॅलॅइस्टॅमिनेन’, तो ‘करणे’ या जातीचा. आणि एखाद्याला फिनिश करणे यासाठी तिसराच शब्द आहे: १९०६ मध्ये हजारो लोकांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली, त्याला तो लागतो. तुमचे ‘फिनलंडीकरण’, त्याने लिहिले, इथे वाचले तर त्या आडनावांबद्दल वाटेल.

अनुवादिकेने ईमेल मोठ्याने वाचून दाखवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तुझं प्रश्नचिन्ह बरोबर होतं.” एरवी ते तिला ‘तुम्ही’ म्हणत.

दुसरी फेरी

पुढच्या अंकात खुलासा छापला, छोटा आणि थोडा ओशाळा. खरी दुरुस्तीची संधी वर्षभराने आली. मासिकातल्या निवडक लेखांचे पुस्तक करायचे ठरले आणि हा लेख त्यात होता.

या वेळी क्रम उलटा ठेवला. आधी मथळा. काकांनीच सुचवले. त्यांचा नातू नुकताच कुणालातरी ‘आजोबांच्या वळणावर गेलाय’ असे ऐकून आला होता. “वळणावर जाणे,” काका म्हणाले. “यात करणारा लागत नाही. पोरगं आपोआप जातं, पण आजोबा घरात असतात म्हणून जातं.” दबाव आहे, आणि पाऊल स्वतःचे आहे. हेच तर हवे होते. मथळा झाला ‘शीतयुद्धातल्या फिनलंडच्या वळणावर?’ लांब आहे, दोन ओळींत गेला. ‘शीतयुद्धातल्या’ हा शब्द संपादकांना जड वाटत होता, पण मुख्याध्यापकांचे पत्र समोर ठेवले आणि ते गप्प बसले.

लेखात ‘फिनलंडीकरण’ उरले ते फक्त अवतरणात, दुसऱ्या कुणी वापरले तिथे. श्ट्राउस म्हणाले ते फिनलंडीकरण, फिनलंडने केले ते वळण. शब्द कुणाच्या तोंडचा हे त्यामुळे आपसूक दिसू लागले. बाल्कनीकरण तसेच राहिले. ‘शकलीकरण’ करून पाहिले होते, अर्थ नीट येत होता, पण १९५० च्या दशकातला आरोप त्यातून निघून जात होता, आणि ती चौकट त्या आरोपाबद्दलच होती. डीटीपीवाल्या मुलासाठी एक वाक्य वाढवले: बाल्कनीशी संबंध नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिले म्हणजे फळा पुसायला नको होता. फळ्यावर प्रश्नचिन्ह पडले तोच निर्णयाचा क्षण होता. रकाना रिकामा राहतो याचा अर्थ ‘करण’ इथे लागत नाही, हे तेव्हाच दिसत होते. आम्ही त्याला इतिहासाचा प्रश्न समजलो, तो क्रियापदाचा होता.

दुसरे, मथळा लेखाबाहेरच्या एका माणसाला नुसता वाचायला द्यायला हवा होता. चहा घेऊन येणारा, छापखान्यातला, कुणीही. ‘बाल्कनी’ची चूक डीटीपीच्या मुलाने फुकट दाखवून दिली होती. त्यावर आम्ही हसलो आणि त्याला पुढचा शब्द विचारला नाही. आमच्याकडे परीक्षक खोलीतच बसला होता.

तिसऱ्याबद्दल अजून आमच्यात एकमत नाही. अनुवादिकेला वाटते, पहिल्या खर्ड्यातले ‘फिनलंडायझेशन’ ठेवले असते तर गैरसमज झालाच नसता. परका शब्द निदान खोटी ओळख तरी दाखवत नाही. काकांना ते अजून मान्य नाही. मला वाटते मथळ्यात तिचे खरे आणि लेखात काकांचे. सुटी चिठ्ठी मात्र घालायलाच हवी होती. माणसे नव्हती हे कारण आज लंगडे वाटते. आम्ही चौघे बसलो असतो तर एका संध्याकाळचे काम होते.

पुस्तकाची शेवटची प्रुफे आली ती एप्रिल २०२३ मध्ये. ४ एप्रिलला फिनलंड नेटोत गेला होता, त्यामुळे ‘फिनलंड आजही लष्करी गटांबाहेर आहे’ हे वाक्य गेले. त्याच्या जागी अनुवादिकेने अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांचे आदल्या वर्षीचे उद्गार टाकले. जून २०२२ मध्ये माद्रिदला ते म्हणाले होते की पुतिन यांना युरोपचे फिनलंडीकरण हवे होते, त्यांना मिळणार आहे युरोपचे नेटोकरण. समासात तिने लिहिले होते: “काका, नेटोकरण की नेटोईकरण?”

त्याखाली काकांची पेन्सिल: “ओ-कारान्ताला ई लागत नाही. शिवाय इथे करणारा सापडतो. ठेवा.”